शाफ्ट तुटला, पण दोष स्टीलचा आहे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला संदर्भ राहील. बेल्टवर चालणारा ब्लोअर, ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या साध्या स्टीलचा) शाफ्ट, बेअरिंगच्या जागी व्यास ५० मिमी आणि त्याला लागून ६० मिमीची पायरी. वेग ९६० आरपीएम, रोज १६ तास. हिशोबाने बेंडिंग स्ट्रेस (वाकण्यामुळे येणारा ताण) ६५ मेगापास्कल आणि स्टीलची यील्ड स्ट्रेंथ ३००, म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी, ताकद भाराच्या किती पट आहे तो आकडा, साडेचारच्या वर. चार महिने विनातक्रार चालला. मग व्ही-बेल्ट बदलले आणि नवव्या दिवशी शाफ्ट त्याच पायरीच्या कोपऱ्यात तुटला. तुटलेल्या तोंडावर कडेने गुळगुळीत भाग, त्यात पुसट गोलसर रेषा, आणि मध्यापासून थोडा बाजूला एक लहानसा खडबडीत ठिपका. सगळ्यांचं मत असं की मटेरियल खराब निघालं, पुढचा शाफ्ट ईएन २४ चा, म्हणजे जास्त ताकदीच्या मिश्र स्टीलचा करावा. शेवटी तुम्ही असंही विचारलंय की धातू नेमका कसा तुटतो हे शिकायचं तर सुरुवात कुठून करावी.

माझं मत आधीच सांगतो. मटेरियल खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. हा फटीग आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने तडा हळूहळू वाढत जाऊन तुटणं. कोपऱ्यातला बारीक रेडियस (गोलाई) आणि बेल्ट बदलताना वाढलेला ताण, या दोघांनी मिळून शाफ्ट तोडलाय. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो. तुमच्या शिकण्याच्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं त्यातच येईल.

त्याआधी एक विनंती. तुटलेले दोन तुकडे एकमेकांना लावून बघू नका. सगळ्यांना हा मोह होतो. "बघू, नीट बसतात का" म्हणून तोंडाला तोंड लावायचं आणि वर एकदा फिरवायचं. त्या एका फिरवण्यात सगळ्यात महत्त्वाच्या खुणा घासून जातात. एकदा माझ्याकडे एका गिअरबॉक्सचा शाफ्ट आला, तोंड आरशासारखं चमकत होतं. पाठवणाऱ्याने मला सोपं जावं म्हणून वायर ब्रश मारून, वर एमरी पेपर फिरवून दिला होता! त्या शाफ्टबद्दल मी शेवटपर्यंत ठाम काही सांगू शकलो नाही. तुमच्या तुकड्यांवर पातळ तेलाचा हात फिरवा, दोन्ही वेगवेगळे गुंडाळा, आणि तोंडाला बोट लावू नका.

आता तोंड वाचू. तुम्ही वर्णन चांगलं केलंय, फक्त त्याचा अर्थ लावायचा राहिला. शाफ्ट एका दणक्यात तुटला असता तर सगळं तोंड एकसारखं दिसलं असतं. तुमच्याकडे दोन वेगळे भाग आहेत. गुळगुळीत भागात तडा हळूहळू सरकत होता. दर फेऱ्याला तडा उघडतो, मिटतो, दोन्ही बाजू एकमेकींवर आपटतात आणि पृष्ठभाग झिजून गुळगुळीत होतो. खडबडीत ठिपका म्हणजे शेवटी उरलेलं स्टील. ते अगदी शेवटच्या क्षणी, एकदम तुटलं. हा ठिपका किती मोठा आहे यावरून तुटताना शाफ्टवर किती भार होता हे कळतं. निम्मं तोंड खडबडीत असतं तर मी म्हटलं असतं की भार बेसुमार होता. तुमचा ठिपका लहान आहे. म्हणजे शाफ्टचा बहुतेक छेद गेल्यावरही उरलेल्या तुकड्याने भार पेलून धरला होता. खराब स्टील असं वागत नाही. खरं तर हे त्या स्टीलला मिळालेलं प्रशस्तिपत्रक आहे.

गोलसर रेषांना बीच मार्क म्हणतात, कारण त्या ओसरत्या लाटांनी वाळूवर सोडलेल्या रेषांसारख्या दिसतात. मशीन थांबलं किंवा भार बदलला की तडा जिथे असेल तिथे अशी रेषा उमटते. तुमचं मशीन रोज रात्री आठ तास बंद असतं, म्हणून ढोबळमानाने एक रेषा म्हणजे एक रात्र. दहापट भिंगाखाली, टॉर्च अगदी तिरपा धरून त्या मोजा. चार-पाच भरल्या तर तडा दिसण्याइतका झाल्यावर शाफ्ट चार-पाच दिवस जगला, असा अंदाज बांधता येईल. (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या स्ट्रायेशन्स नावाच्या बारीक रेषा वेगळ्या. त्या एकेका फेऱ्याच्या असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. या दोन्हींची गल्लत नेहमी होते.)

मग कडेकडे बघा. परिघावरून आत जाणाऱ्या बारीक पायऱ्या दिसतात का, करवतीच्या दातांसारख्या? दिसल्या तर तडा एका जागी सुरू झाला नाही. कोपऱ्यात अनेक ठिकाणी एकाच वेळी सुरू झाला आणि ते सगळे तडे पुढे एकमेकांना मिळाले. शेवटचा ठिपका मध्याजवळ आहे, यावरून मला तसंच वाटतं. कुठेतरी एखादं खोट असलेलं ठिकाण असतं, समजा स्टीलमधला स्लॅगचा कण, तर तडा त्या एका जागेवरून निघाला असता आणि ठिपका समोरच्या कडेला सरकला असता. सगळ्या परिघाने एकदम हार मानली, याचा अर्थ सगळा परिघच अडचणीत होता. आणि सगळ्या परिघाला समान असलेली एकच गोष्ट तिथे आहे, तो कोपरा.

आता हिशोब. तुम्ही ६५ ची तुलना ३०० शी केलीत, तिथेच वाट चुकली. यील्ड स्ट्रेंथ म्हणजे एकदा हळूहळू ओढल्यावर स्टील कायमचं वाकायला लागतं तो आकडा. तुमच्या शाफ्टचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. दिवसाला ९ लाख २० हजारांवर फेरे. अशा उलटसुलट भाराखाली स्टीलची मर्यादा वेगळी असते, तिला एंड्युरन्स लिमिट म्हणतात. पॉलिश केलेल्या, बोटाएवढ्या नमुन्यावर ती टेन्साइल स्ट्रेंथच्या, म्हणजे ओढून तुटण्यापूर्वी स्टील जास्तीत जास्त पेलतं त्या स्ट्रेसच्या, साधारण निम्मी भरते. तुमच्या ईएन ८ ची टेन्साइल ६०० धरली तर ३००. पण शाफ्ट पॉलिश केलेला नाही, लेथवरून उतरलेला आहे: गुणा ०.८. तो बोटाएवढा नाही, ५० मिमीचा आहे: पुन्हा ०.८. सगळे नग सारखे नसतात, म्हणून खात्रीसाठी ०.९. उरले सुमारे १७३. आणि अजून कोपरा यायचाय.

ड्रॉइंगवर तिथे रेडियस १ मिमी लिहिलाय, असं तुम्ही म्हणता. रेडियस गेज लावून बघा. लेथवर ०.४ नोजच्या इन्सर्टने (टोकाची गोलाई ०.४ मिमी असलेल्या कापायच्या तुकड्याने) सरळ खांद्यापर्यंत, म्हणजे पायरीच्या उभ्या तोंडापर्यंत टूल नेलं की कोपऱ्यात ०.४ चाच रेडियस उरतो. ऑपरेटरची त्यात मोठी चूक नाही, कारण बेअरिंग बसलं, फिरलं, काम पास झालं. पण ०.४ च्या कोपऱ्यात, ६० ते ५० च्या पायरीवर, स्ट्रेस हिशोबातल्या आकड्याच्या पावणेतीनपट होतो. स्टील तो सगळा मनावर घेत नाही. फटीगमध्ये प्रत्यक्ष परिणाम सुमारे २.१ पट धरावा. १७३ भागिले २.१, म्हणजे साधारण ८२ मेगापास्कल.

आता ६५ ची तुलना ८२ शी करा. शाफ्ट सुरक्षित होता, पण जेमतेम. साडेचारचा फॅक्टर मुळात सव्वाचा होता. नवे बेल्ट टाकताना ताण दीडपट झाला की ६५ चे ९७ होतात आणि मर्यादा मोडते. मर्यादेच्या थोडं वर गेलेलं स्टील साधारण काही लाख ते एक कोटी फेऱ्यांत तुटतं. तुमचे नऊ दिवस म्हणजे ८३ लाख फेरे. त्याआधीच्या चार महिन्यांत तोच शाफ्ट ११ कोटी फेरे फिरला आणि त्याला काही झालं नाही. खराब स्टीलचा शाफ्ट ११ कोटी फेरे वाट बघत बसला नसता. स्टीलला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दीडपट ताण ही अतिशयोक्ती वाटत असेल तर बेल्ट कसा ताणला ते विचारा. अंगठ्याने दाबून "टणक लागतोय" म्हणून मोटर मागे सरकवली असेल, तर दीडपट सहज होतो. नवा बेल्ट पहिल्या एक-दोन दिवसांत सैल पडतो, पुन्हा ताणावा लागतो, म्हणून काहीजण आधीच जास्त ताणून ठेवतात. दोन पुलींच्या मध्यावर ठरावीक भार लावून बेल्ट किती दबतो ते मोजायचं, हीच पद्धत. आणि हेही बघा, पुली उतरवून परत बसवताना ती बाहेरच्या बाजूला सरकली का? बेअरिंगपासूनचं अंतर जेवढ्या पटीने वाढेल तेवढ्याच पटीने बेंडिंग वाढतं.

मग ईएन २४ का नको? लावा, बंदी नाही. पण आकडे बघून लावा. त्याची टेन्साइल ९०० धरू, म्हणजे पॉलिश नमुन्याची मर्यादा ४५०. मात्र कडक स्टीलवर टूलच्या खुणा जास्त नडतात, गुणक ०.७४ वर येतो. कोपऱ्यालाही कडक स्टील जास्त घाबरतं, २.१ चे २.३५ होतात. सगळं करून हाती येतात १०० च्या आसपास. ताकद दीडपट घेतली आणि कोपऱ्यात पाव हिस्सा फायदा मिळाला. त्याऐवजी तेच ईएन ८ ठेवून कोपऱ्याचा रेडियस ३ मिमी केला तर मर्यादा १०५ होते. तीही फुकटात! दुखणं कोपऱ्याचं आणि औषध ग्रेडला, हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती तुमच्या लक्षात येईलच. ५० बोअरच्या (आतलं भोक ५० मिमी असलेल्या) बेअरिंगच्या आतल्या रिंगचा कोपरा साधारण १.१ मिमीचाच असतो. शाफ्टचा रेडियस त्याहून मोठा केला तर बेअरिंग खांद्याला टेकणार नाही, रेडियसवर चढून तिरकं बसेल. म्हणून मध्ये एक स्पेसर रिंग घाला. रिंगच्या आतल्या कडेला मोठा चॅम्फर (तिरपी कापलेली कड) ठेवा, म्हणजे ती ३ मिमीच्या रेडियसवरून निघून खांद्याला सपाट टेकेल आणि बेअरिंग रिंगला टेकेल. बेअरिंग आहे तिथेच ठेवायचं तर खांदा रिंगच्या जाडीइतका मागे घ्यावा लागेल. रेडियस टूलच्या खुणा राहू न देता पॉलिश करा, आणि पॉलिशच्या रेषा शाफ्टच्या लांबीला समांतर ठेवा, आडव्या नकोत.

हा कोपरा नवा नाही, याचं मला नेहमी हसू येतं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा अक्ष तुटून मोठा अपघात झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळात समज असा होता की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचे आतल्या आत स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होतं. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, विशीतल्या रँकिन या स्कॉटिश इंजिनिअरने तुटलेले अक्ष तपासून दाखवलं की तडे अक्षाच्या पायरीच्या धारदार कोपऱ्यातून निघून हळूहळू आत सरकतात, म्हणून तिथे गोलाई ठेवा. नंतर व्योलर या जर्मन इंजिनिअरने प्रशियात वर्षानुवर्षं अक्षांचे नमुने फिरवून स्ट्रेस आणि फेऱ्यांचं नातं आकड्यांत बसवलं. पण स्फटिकांची गोष्ट काही मेली नाही. आजही कोणीतरी खडबडीत ठिपक्याकडे बोट दाखवून सांगतो, "बघा, मटेरियल क्रिस्टलाइझ झालंय." स्टील ओतल्यापासूनच स्फटिकी असतं, तो ठिपका फक्त ते दाखवतो.

आता शिकण्याबद्दल. पुस्तकं लागतीलच, पण सुरुवात हाताने करा. फळ्यावरचा खडू घ्या आणि दोन्ही टोकं धरून पिळा. तो ४५ अंशांच्या फिरत्या, जिन्यासारख्या रेषेत तुटेल. मग तोच खडू वाकवून तोडा, तुटलेलं तोंड सरळ आडवं येईल. खडू ठिसूळ आहे, म्हणून सगळ्यात जास्त ओढ ज्या दिशेला असेल तिच्या काटकोनात तो फाटतो. मऊ स्टीलचा बार पिळून तोडला तर उलट होतं, तो आडवा, सपाट तुटतो, कारण त्याच्यात घसरण ओढीच्या आधी होते. एका खडूने जे कळतं ते मोहरच्या वर्तुळावर (वेगवेगळ्या दिशांचे स्ट्रेस काढायच्या आकृतीवर) तीन तास घालवूनही अनेकांना कळत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरं, टेन्साइल टेस्ट होताना मशीनसमोर उभे राहा, फक्त आलेखाची प्रिंट घेऊन जाऊ नका. मऊ स्टीलचा नमुना आधी सगळीकडे सारखा लांबतो, मग एका जागी कंबर बारीक होते. त्या कंबरेच्या आत पोकळ्या तयार होऊन जोडल्या जातात, शेवटी कडा ४५ अंशांत निसटते, आणि एक तुकडा वाटीसारखा, दुसरा टोपीसारखा उरतो. तो हातात घ्या, तुटल्या तुटल्या गरम लागतो. सगळी ऊर्जा वाकण्या-ताणण्यात गेलेली असते. मग तसाच नमुना कास्ट आयर्नचा तोडा. कंबर नाही, सूचना नाही, नुसता आवाज. एका धातूने आधी कळवलं आणि दुसऱ्याने नाही, हा फरक डोळ्यात बसला की पुढचं अर्धं काम झालं.

पण हा फरक धातूचा जन्मजात स्वभाव आहे असं मानू नका. एरवी लवचीक असलेलं स्टील थंडीत, जाड प्लेटमध्ये, खाचेजवळ काचेसारखं वागतं. १६ जानेवारी १९४३ ला स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असताना मोठा आवाज होऊन जवळपास दोन तुकड्यांत फुटलं. वादळ नाही, धडक नाही. वेल्डिंगमुळे सगळं जहाज एकसंध होतं, म्हणून तड्याला थांबायला प्लेटचा जोडही मिळाला नाही. तडा असलेल्या वस्तूचा हिशोब वेगळा असतो, हे ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने काचेवर १९२१ मध्येच मांडलं होतं. तड्याची लांबी हीसुद्धा भाराइतकीच मोजायची गोष्ट आहे.

तड्याच्या वाढीबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. स्टीलमध्ये तडा दर फेऱ्याला किती सरकतो हे भाराच्या चढउताराच्या साधारण तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. चढउतार दुप्पट केला की तडा आठपट वेगाने सरकतो. बेल्टचा ताण "थोडासाच" वाढवणाऱ्याला हे सांगा.

फटीग सोडून बाकीचे प्रकार तुम्हाला सध्या लागणार नाहीत, तरी नावं ठाऊक असू द्या. क्रीप हा गरम भागांचा आजार, म्हणजे बॉयलरच्या नळ्या, टर्बाइनची पाती. भार तोच असतो, पण धातू वर्षानुवर्षं इंचाइंचाने लांबत जातो. दुसरा हायड्रोजनचा, आणि तो फार फसवा. एकदा संध्याकाळी झिंक प्लेटिंग केलेले १२.९ ग्रेडचे (फार कडक, जास्त ताकदीचे) बोल्ट टॉर्क रेंचने बरोबर आवळले, सकाळी बघतो तर तिघांची डोकी खाली पडलेली. रात्रभर मशीनला कोणी हातही लावला नव्हता. प्लेटिंगच्या वेळी शिरलेला हायड्रोजन आवळलेल्या बोल्टमध्ये जमत गेला आणि कणांच्या सीमा उकलल्या. तोंड चकचकीत कणीदार होतं, बीच मार्क एकही नाही. प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवले असते तर हायड्रोजन बराचसा निघून गेला असता. तिथेही पहिलं वाक्य हेच होतं, "बोल्टचं मटेरियल खराब."

वाचायचं असेल तर अपघातांचे चौकशी अहवाल वाचा. १९५४ मध्ये कॉमेट ही ब्रिटिश जेट प्रवासी विमानं हवेत फुटली, तेव्हा एक आख्खी केबिन पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा फुगवली. खरी आणि टाकीतली उड्डाणं मिळून ३,०५७ भरली तेव्हा ती फाटली. २७ मार्च १९८० ला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटून १२३ माणसं गेली. त्या तड्याची सुरुवात एका किरकोळ उपकरणाचा आधार लावणाऱ्या ६ मिमीच्या फिलेट वेल्डमधून (दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेल्या वेल्डमधून) झाली होती. त्या वेल्डवर भार धरलाच नव्हता, म्हणून कोणी त्याचा विचार केला नाही. तुमच्या ०.४ मिमीच्या कोपऱ्याची ती मोठी बहीण समजा.

आता तातडीचं. तुम्ही ओझरतं लिहिलंय की शेजारी याच ड्रॉइंगचा दुसरा ब्लोअर आहे, त्याचेही बेल्ट त्याच दिवशी, त्याच माणसाने बदलले आणि तो अजून चालू आहे. नवीन शाफ्टच्या ऑर्डरचं नंतर बघू. आजची शिफ्ट संपली की तो बंद ठेवा, बेल्ट काढा, बेअरिंग मागे घ्या, पायरीचा कोपरा तेल-ग्रीस काढून स्वच्छ करा आणि डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारा रंग मारा. लाल रंग मुरायला डब्यावर लिहिलीय तेवढी मिनिटं द्या, घाई करू नका. रंग पुसून डेव्हलपर मारल्यावर पांढऱ्यावर कोपऱ्याच्या कडेकडेने तुटक लाल रेष उमटली, तर तो शाफ्ट परत चढवू नका.